ऑनलाइन पोकर खेळताना लक्ष टिकत नाही (आणि दुसऱ्या स्क्रीनवर बदकं)

बदाम_दुर्री

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं रोमात (नुसता वाचणारा) आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय, सांभाळून घ्या.

मी न्यू जर्सीत एडिसनला राहतो. इथे नोव्हेंबर २०१३ पासून ऑनलाइन पोकर कायदेशीर आहे, वय २१ पूर्ण हवं आणि तुम्ही राज्याच्या हद्दीत आहात हे लोकेशनवरून तपासतात, पूल ओलांडून न्यूयॉर्कात गेलो की टेबल उघडतच नाही. हे आधीच सांगून ठेवतोय कारण तिसऱ्या प्रतिसादात कोणीतरी हे विचारणारच. भारतात ऑगस्ट २०२५ च्या कायद्यानंतर पैसे लावून ऑनलाइन खेळ बंद झालेत, कौशल्याचा असो की नशिबाचा, सगळेच, तेव्हा तिकडच्यांनी हे करावं असं मी म्हणत नाहीये.

खेळतो टेक्सस होल्डम (प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, टेबलावर सगळ्यांचे मिळून पाच), १०-२५ सेंटवालं (हे ब्लाइंड, म्हणजे दर डावाला दोघांनी आळीपाळीने भरायचे सक्तीचे पैसे), एका टेबलावर २५ डॉलर घेऊन बसायचं, हा एक बाय-इन. पोरं झोपली की साडेनऊ ते साडेबारा, आठवड्यातून तीन रात्री, चार टेबलं एकदम. श्रीमंत व्हायचा विचार नाही, वर्षाला एखादी लेन्स सुटली तरी खूप झालं.

तर प्रॉब्लेम असा की पहिली चाळीस मिनिटं मी बरा खेळतो आणि मग कुठेतरी निघून जातो. एका टेबलावर तासाला साधारण ७० डाव होतात, चार टेबलांचे २८०, आणि त्यातले पाचातले चार डाव पत्ते बघून फेकायचेच असतात. जोडी येते १७ डावांत एकदा, एक्क्यांची जोडी २२१ डावांत एकदा. म्हणजे हे काम मुख्यतः फेकण्याचं आहे आणि फेकण्यात मन किती वेळ रमणार. मग फोन, मग क्रिकेटचा स्कोअर, मग हात आपोआप कॉल (समोरच्याइतके पैसे भरणं) दाबतो आणि नंतर कळतं की आपण नव्वी-पंजी घेऊन रिव्हरपर्यंत, म्हणजे टेबलावरच्या पाचव्या पत्त्यापर्यंत, आलोय.

ऑक्टोबरात तर कहर झाला. मला फोटोग्राफीचा नाद आहे, पक्ष्यांचा जास्त. वीकेंडला हजार-दीड हजार फोटो काढून आणतो आणि निवडायला वेळ मिळत नाही, म्हणून शक्कल लढवली की पोकर एका स्क्रीनवर आणि फोटो निवडणं दुसऱ्या स्क्रीनवर, फेकायच्या डावांमधला वेळ वसूल. आता फोटो निवडताना एक्स दाबलं की फोटो बाद. त्याच सवयीने मी पोकरच्या सॉफ्टवेअरमध्ये फोल्डलाही (पत्ते फेकायला) एक्सच लावून ठेवलेलं (हसा). एके रात्री हातात सत्तीची जोडी, फ्लॉपवर (टेबलावरच्या पहिल्या तीन पत्त्यांत) तिसरी सत्ती उतरली, हे असं आठ-नऊ वेळांत एकदा होतं, समोरच्याने निम्म्या पॉटाची (मध्ये जमलेल्या पैशांच्या निम्मी) बेट लावली, मी खुशीत बसलो की आता हळूच कॉल करू, आणि तेवढ्यात दुसऱ्या स्क्रीनवर एक धूसर बदक दिसलं. एक्स दाबलं. बदक तिथेच राहिलं, सत्त्या गेल्या.

त्या महिन्यात ११ बाय-इन गेले, २७५ डॉलर. सगळे काही बदकामुळे गेले नाहीत. पण लक्ष टिकवायला तुम्ही काय करता? पोकर नसेल खेळत तरी सांगा, बुद्धिबळ, ब्रिज, रात्रपाळी, काहीही चालेल.

---

तिर्री

पहिला नंबर माझा! बदक तिथेच राहिलं 😂😂 ऑफिसात मोठ्याने हसले, शेजारचा बघतोय.

---

कागलकर

आधी ते एक्स बदल बाबा.

मी वर्षातून दोनदा कोल्हापूरहून गोव्याला जाऊन बोटीवर खेळतो, समोरासमोर. तिथे तासाला जेमतेम २५-३० डाव होतात कारण डीलर पत्ते पिसणार, वाटणार, चिपा मोजणार, मधेच एखादा काका ऑर्डर देणार. तुझ्या दहापट मंद. पण मला कंटाळा येत नाही, कारण पत्ते फेकले तरी माणसं बघत बसायची असतात. कोण पत्ते दोनदा बघतो, कोण हरल्यावर चिपांचा मनोरा पाडून परत रचतो. माझी निम्मी कमाई मी डावात नसताना बघितलेल्या गोष्टींवर झालीय. (निम्मा तोटा पण, पण ते जाऊदे.)

ऑनलाइन तू पत्ते फेकतोस आणि ते टेबल तुझ्यासाठी मरतं, हा मूळ घोळ आहे. चारची दोन टेबलं कर आणि फेकल्यावर उरलेले दोघं काय करतायत ते बघ. शेवटी पत्ते उघडतात तेव्हा हा दश्शी-गुलाम घेऊन तिसऱ्या जागेवरून रेझ करतो (पैसे वाढवतो), ही नोंद फुकट मिळते.

---

बदाम_दुर्री

@तिर्री, धन्यवाद, दुःखावर मीठ.

@कागलकर, एक्स त्याच रात्री बदललं. दोन टेबलं करून बघतो, पण खरं सांगू का, चारावरून दोनवर आलो की अजून कंटाळा येतो आणि अजून फोन हातात येतो, असं मागे झालंय.

---

चौथा_भिडू

माझं वय ७१, पोकर कधी खेळलो नाही, पण पुण्यात क्लबात ब्रिज ४० वर्षं खेळतोय म्हणून लिहायचं धाडस करतो.

ब्रिजमध्ये प्रत्येकाला १३ पत्ते आणि पडलेला प्रत्येक पत्ता मोजावा लागतो, तेव्हा मन भटकायला जागा कमी. तरी भटकतं. आणि माझा अनुभव असा की ते कंटाळ्याने भटकत नाही, मागच्या डावाने भटकतं. डाव संपला की पार्टनर सुरू करतो, अहो तुम्ही किलवरची राणी आधी का नाही टाकलीत, मग मी उत्तर देतो, मग तो, आणि या पोस्टमॉर्टेममध्ये पुढचे पत्ते उचललेले असतात पण पाहिलेले नसतात. आमच्या एका जुन्या पार्टनरने नियम केला होता, चर्चा चहाला. टेबलावर शब्द नाही. दोन महिन्यांत आमचे निकाल सुधारले, मैत्री मात्र चहाच्या वेळी अनेकदा तुटायची वेळ आली.

एक शंका. डुप्लिकेट ब्रिजमध्ये तेच पत्ते दुसऱ्या टेबलांवरही खेळले जातात, त्यामुळे पत्ते वाईट होते ही सबब चालत नाही, त्याच पत्त्यांत दुसऱ्यांनी काय केलं ते समोर असतं. तुमच्या पोकरात आपण चांगले खेळलो की नशीब चांगलं होतं हे कळतं कसं?

---

बदाम_दुर्री

काका, काय नेमकं बोललात. "पुढचे पत्ते उचललेले असतात पण पाहिलेले नसतात" हे लिहून मॉनिटरला चिकटवतोय.

तुमच्या शंकेबद्दल, लगेच कळत नाही हेच तर दुखणं. समजा माझ्याकडे एक्क्यांची जोडी, समोरच्याकडे राजांची, टेबलावरचे पत्ते उलटायच्या आधीच दोघांचे सगळे पैसे मध्ये गेले, पॉट ५० डॉलर. मी १०० वेळांपैकी साधारण ८२ वेळा जिंकतो. आता रिव्हरला राजा पडला तर माझ्या हातात शून्य. पण हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर म्हणतं, तुझा वाटा ४१ डॉलर होता, तू बरोबर केलंस. अशा दोन रेघा आलेखात असतात, एक खरे पैसे, एक व्हायला हवे होते ते पैसे. त्यातही ही रेघ फक्त सगळे पैसे मध्ये गेल्यानंतरचं नशीब काढून टाकते, त्याआधी मूर्खपणा केला असेल तर तो काही दाखवत नाही. आणि दहा हजार डावांतही दोन्ही रेघा खूप लांब राहू शकतात. तुमच्यासारखी त्याच पत्त्यांची दुसरी टेबलं असती तर मी कधीच शहाणा झालो असतो, किंवा खेळ सोडला असता.

---

अबोली_न

मी इथे सहसा लिहीत नाही. विनोदी धाग्यात रसभंग करतेय, माफ करा.

माझ्या धाकट्या भावाने नाशिकला असताना फोनवरच्या एका ॲपवर असेच पत्ते खेळून ४ लाख ८० हजार घालवले, त्यातले दोन लाख पतपेढीचं कर्ज. नाव घेत नाही ॲपचं. कायदा आला तेव्हा आईने देवापुढे साखर ठेवली, खोटं नाही सांगत. तुम्ही सगळे लक्ष कसं टिकवायचं बोलताय, पण त्याचं लक्ष इतकं होतं की जेवताना तीन हाका मारल्या तरी ऐकू जायच्या नाहीत. चार तास बाथरूमलासुद्धा न उठता बसायचा. लक्ष कमी पडलं म्हणून तो बुडाला नाही.

तुम्हाला बोलत नाहीये, तुम्ही २७५ डॉलर मोजून सांगितलेत म्हणजे तुमचा हिशेब आहे. पण वाचणारे सगळे तसे नसतील.

---

बदाम_दुर्री

ताई, रसभंग कसला. थांबून दोनदा वाचलं.

माझी बाजू जशी आहे तशी सांगतो. साइटवर महिन्याची पैसे भरायची मर्यादा लावून ठेवता येते, माझी २०० डॉलर आहे, ती कमी केली तर लगेच लागू होते आणि वाढवायला थांबावं लागतं, ते बरं आहे. इथे स्वतःलाच बंदी घालून घेता येते, कमीत कमी एक वर्षाची, एकदा सही केली की मधे मन बदललं तरी उपयोग नाही. १-८००-गॅम्बलर ही हेल्पलाइन याच राज्यातल्या संस्थेची, साइट उघडली की खाली नंबर दिसतोच. ऑक्टोबरात मी तो नंबर किती वेळा वाचला ते मलाच माहीत, फोन केला नाही. पण बायकोला त्या आठवड्यात खातं उघडून दाखवलं, पहिल्यांदाच. ती म्हणाली पैशाचं नंतर बघू, तू साडेबाराला येतोस म्हणतोस आणि दोनला येतोस ते आधी सांग.

तुमचा भाऊ आता बरा आहे का?

---

अबोली_न

आहे. कर्ज फिटत आलंय, मी आणि बाबा मिळून. विचारलंत, बरं वाटलं.

---

उजनीकाठचा

पोकरमधलं ओ की ठो कळत नाही, पण फोटोचं बोलतो कारण मला वाटतं तुमचं उत्तर तिथेच पडलंय.

मी हिवाळ्यात दर दुसऱ्या रविवारी भिगवणला असतो. कुंभारगावला पहाटे पोचायचं, बोटवाला जवळ गेल्यावर इंजिन बंद करून बांबूने ढकलतो, रोहितांचा (फ्लेमिंगोंचा) थवा समोर, आणि नवखा माणूस काय करतो? खटाखट दहा फोटो काढतो आणि मान खाली घालून मागच्या स्क्रीनवर झूम करून बघतो, डोळा शार्प आला का. तेवढ्यात थवा उठतो. पंखांखालचा तो गुलाबी-काळा रंग फक्त उठतानाच दिसतो आणि हा बिचारा स्क्रीनमध्ये. फोटोवाले याला चिंपिंग म्हणतात, माकडासारखं खाली बघून ऊ-ऊ करणं. मी स्वतः दोन सीझन असाच घालवले. मग कॅमेऱ्यात फोटो काढल्यावर आपोआप दिसतो ते सेटिंगच बंद केलं. सुरुवातीला एक टेस्ट फोटो, हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघायचा, पांढरे पक्षी जळत नाहीत ना एवढं तपासायचं, मग उजेड बदलेपर्यंत मागे बघायचं नाही.

वरचे काका जे पोस्टमॉर्टेम म्हणाले तेच हे. तुम्ही खेळताना मागचं काय बघता? म्हणजे किती पैसे झाले, मघाचा डाव काय होता वगैरे?

---

बदाम_दुर्री

प्रत्येक डावानंतर. अक्षरशः प्रत्येक. बॅलन्सचा आकडा कोपऱ्यात असतो, हरलो की डावाचा रीप्ले उघडतो आणि एकीकडे बाकीच्या तीन टेबलांवर टायमर पळत असतो. मी इतके दिवस कंटाळ्याला शिव्या देत होतो.

---

कागलकर

उजनीकर, मानलं. पण एक फरक आहे. पक्षी नाही उडाला तर तुमचं काय जातं? पेट्रोल आणि झोप. पोकरात नुसतं बसून राहिलात तरी ब्लाइंड कापले जातात, आणि पॉट जिंकला तरी साइट आपला कट घेते. थांबणं फुकट नसतं. त्यामुळे फोटोग्राफीने संयम शिकवला वगैरे मला पूर्ण पटत नाही. फोटोत खराब फ्रेम डिलीट करून मोकळं होता येतं, इथे खराब डावच जपून ठेवायचे असतात, त्यातूनच शिकायचं.

---

उजनीकाठचा

पेट्रोल आणि झोप काय कमी आहे का? बाकी मुद्दा मान्य. मी संयमाचं म्हटलंच नाही पण, मी मान वर ठेवायचं म्हटलं.

---

हिशेबनीस

धाग्याला फाटा फोडतोय पण अमेरिकेतल्यांनी वाचा. २०२५ च्या तिकडच्या कायद्याने २०२६ या करवर्षापासून जुगारातल्या तोट्याची फक्त ९० टक्केच वजावट मिळते. म्हणजे वर्षभरात १०,००० जिंकलात आणि १०,००० हरलात, हातात शून्य, तरी १,००० डॉलर उत्पन्न धरलं जाईल. बरं, मुळात वजावट घ्यायची तर स्टँडर्ड डिडक्शन (सगळ्यांना मिळणारी सरसकट वजावट) सोडावं लागतं. प्रत्येक बैठकीची नोंद ठेवा, तारीख, वेळ, टेबल, किती घेऊन बसलात, किती घेऊन उठलात. आपल्याकडे तर १ एप्रिल २०२३ पासून निव्वळ जिंकण्यावर सरळ ३० टक्के कर होता, ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या पैशांवर २८ टक्के जीएसटी, तेव्हाच निम्मे खेळाडू गळले होते. मी काही सीए नाही, नावावर जाऊ नका, आपापल्या माणसाला विचारा.

---

तिर्री

हिशेबनीस सीए नाहीत, बदाम दुर्रीच्या हातात बदक, या धाग्यावर सगळ्यांनी नावं बदला.

बाय द वे बदकं कसली होती ते कुणीच विचारलं नाही?

---

बदाम_दुर्री

धन्यवाद तिर्री, वाटच बघत होतो 😀

हार्लेक्विन डक. इथून दीड-पावणेदोन तासांवर बार्नेगाटचं दीपगृह आहे, खाली पांढरं वर लाल, १८५९ मध्ये पहिल्यांदा पेटलेलं. त्याच्या बाजूला समुद्रात दगडांचा लांबलचक बांध गेलाय आणि हिवाळ्यात ही बदकं त्या दगडांशी येतात. नर निळसर राखाडी, कुशीला विटकरी आणि अंगावर पांढरे पट्टे, कोणीतरी ब्रशने मारल्यासारखे. लाट फुटते तिथेच पोहतात, दोन सेकंद दिसतात, फेसात गायब, परत दिसतात. दगडांवर शेवाळ आणि बर्फ, मी एकदा कंबरेपर्यंत दोन दगडांमध्ये गेलोय, कॅमेरा वर धरून. ऑक्टोबरातली ती धूसर म्हणजे मागच्या जानेवारीतली न निवडलेली होती, यावरून माझ्या कामाचा वेग कळेल.

दुसरी जागा ब्रिगंटाइनजवळचं फॉर्साइथ अभयारण्य, पाणथळीतून आठ मैलांचा रस्ता, गाडीतूनच फोटो. गंमत म्हणजे पाणथळीच्या पलीकडे अटलांटिक सिटीचे कॅसिनो उभे दिसतात, आणि इथल्या ऑनलाइन पोकरचे परवाने त्याच कॅसिनोंच्या नावावर आहेत. म्हणजे मी स्नो गीजच्या (पांढऱ्या रानहंसांच्या) थव्याचा फोटो काढतो तेव्हा मागे धूसर झालेल्या त्या इमारती म्हणजे माझे २७५ डॉलर.

---

चौथा_भिडू

वा. फोटो टाका.

---

बदाम_दुर्री

(दहा दिवसांनी)

अपडेट देतो. काय काय केलं ते सांगतो, क्रम लावत नाही.

सॉफ्टवेअरमध्ये बॅलन्सचा आकडा लपवायची सोय सापडली नाही म्हणून मॉनिटरच्या त्या कोपऱ्यावर चिकटपट्टी लावली. बायकोने विचारलं हे काय, म्हटलं चिंपिंग बंद. तिने पुढे विचारलं नाही. रीप्ले बघायचा नाही, डाव नुसता मार्क करायचा आणि सकाळी कॉफीबरोबर बघायचा, काकांची चहाची चर्चा. यात मजा अशी की रात्री ज्या डावावर मी अन्याय झाला म्हणून दात खाल्ले असते तो सकाळी बघितला तर अन्याय वगैरे काही नव्हता, त्याच्याकडे पहिल्यापासून चांगले पत्ते होते आणि मी तीनदा पैसे दिले. उलट जे डाव जिंकलो म्हणून कधी उघडून बघितले नसते त्यातले दोन भयंकर खेळलेले निघाले. आता जिंकलेलेही मार्क करतो.

दोन टेबलं. पहिल्या दोन रात्री जीव गेला कंटाळ्याने. मग कागलकर म्हणाले तसं फेकलेल्या डावात समोरच्याकडे काय असेल याचा अंदाज मनात बोलायचा आणि पत्ते उघडले तर ताडून बघायचं. दहातले तीन बरोबर येतात. फोन स्वयंपाकघरात, चार्जरला. ५० मिनिटं झाली की उठायचं, पाणी. तीन बाय-इन गेले की लॅपटॉप बंद, आणि साडेबाराचा अलार्म बायकोच्या फोनवर लावलाय, माझ्या नाही.

पैशाचं म्हणाल तर या दहा दिवसांत दीड बाय-इन हरलोय. राजांची जोडी दोनदा एक्क्यांसमोर गेली. पण साडेबाराला झोपतोय, पाचही रात्री. एक रात्र मात्र तीन बाय-इन झाल्यावर चौथा घेतला, ते लपवत नाही.

---

अबोली_न

लपवलं नाहीत ते छान. त्या रात्री काय झालं होतं?

---

बदाम_दुर्री

काही नाही हो ताई. ऑफिसात वाईट दिवस होता. पत्त्यांशी संबंधच नव्हता. त्या दिवशी बसायलाच नको होतं, आता तेवढंच आधी बघतो, आज कशासाठी बसतोय.

---

कागलकर

राजा विरुद्ध एक्का दोनदा, ते सोड, कोणीही हरतो. जिंकलेले डाव मार्क करायचं मी आजपासून सुरू करतोय, म्हणजे फेब्रुवारीत गोव्याला गेलो की वहीत.

---

उजनीकाठचा

आणि बदकं? चिंपिंग तिकडे बंद केलं की नाही?

---

बदाम_दुर्री

केलं ना. शनिवारी पहाटे बार्नेगाटला गेलो, उणे सहा तापमान, वारा वेगळा. एक टेस्ट फोटो, शटर सेकंदाचा दोन हजारावा भाग, मग तीन तास मागे बघितलं नाही. बोटं बधिर झाली होती म्हणून बघावंसंही वाटलं नाही ते सोडा. लाटेतून दोन नर एकदम वर आले, पाणी अजून पाठीवरून ओघळतंय, तेव्हा माझी मान वर होती. घरी येऊन बघतो तर सुरुवातीच्या टेस्टनंतर कधीतरी ग्लोव्हजने डायल फिरलेला, चारशेच्या चारशे फोटो दोन स्टॉप अंडर, म्हणजे काळपट. रॉ फाइलमध्ये (नंतर उजेड वाढवता येतो अशा) होते म्हणून निम्मे वाचले. ते दोन नर वाचलेत, खाली टाकतोय.

---

उजनीकाठचा

उजेड बदलला की परत बघायचं म्हटलं होतं मी 😀

---

चौथा_भिडू

प्रचि (फोटो) दिसत नाहीत.

---

तिर्री

मलाही नाही. नुसता चौकोन.